संडासाची दोन दारं सोडून

१

रविवारी संध्याकाळी मी रोह्याहून गडबला परत आलो, तेव्हा माझ्या दहाही खोल्यांना कुलपं होती. फक्त दारं नव्हती.

कुलपं कडीकोयंड्यासकट उतरवून प्रत्येक उंबऱ्यावर एकेक ठेवलेली. मी ओढून बघितली. घट्ट होती. किल्ल्यांचा जुडगा माझ्या खिशात होता. म्हणजे बंदोबस्तात माझी काही चूक नव्हती.

चाळ नवी होती. खोल्यांत पंखे होते, नळ होते, मागे पाण्याची कोरी मोटार होती. चोराने कशालाही हात लावला नव्हता. बिजागऱ्यांचे स्क्रूसुद्धा त्याने नेले नव्हते. पहिल्या खोलीत एका करवंटीत जमा करून ठेवले होते, पाहुण्यापुढे शेंगदाणे ठेवावेत तसे. आणि चाळीच्या टोकाला दोन संडास होते, त्यांची दारं जागच्या जागी होती.

हा प्लॉट माझ्या बाबांचा. हायवेला लागून त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. बाबा गेल्यावर माझ्याकडे हवा भरायचा पंप आणि हा प्लॉट उरला. पंपाला कुणी कर्ज देईना, म्हणून मी प्लॉट पेणच्या पतपेढीकडे गहाण ठेवून त्यावर खोल्या बांधल्या. उद्याचा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी डोलवीचा हैबतराव खोल्या बघायला यायचा होता. हैबतराव कंपनीला कंत्राटी माणसं पुरवतो. दहाही खोल्या वर्षभरासाठी घेणार, आगाऊ देणार, त्यातून पतपेढीचे हप्ते सुरू होणार. नाही झाले तर बाबांचा प्लॉट पतपेढीचा.

हैबतरावाची अट एकच होती. "खोलीला दार पायजे. माजी माणसं रात्रपाळी करून दिवसा झोपतात. दार नाय तर झोप नाय, झोप नाय तर हात मशीनमधे."

नवी दारं करायची, तर पतपेढी कर्जाचा शेवटचा तुकडा दारं बघितल्याशिवाय सोडणार नव्हती. दारांसाठी पैसे हवे होते आणि पैशांसाठी दारं.

पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, "कुलूप तोडलं काय?"

"नाही. कुलूप आहे."

"मग चोरी कशी?" असं म्हणून त्याने वही मिटली.

मी परत आलो आणि पहिल्या खोलीच्या नसलेल्या दारात उभा राहून शपथ घेतली: ज्याने हे केलं, त्याच्या घराचं एकही दार जागेवर ठेवणार नाही. पुढचं दार, मागचं दार, मोरीचं दार. त्याला अंघोळ करताना गावाने बघावं. एवढं ठरवल्यावर जरा भूक लागली.

२

सोमवारी पतपेढीच्या तपासनीस गिरजाबाई दारं बघायला आल्या. बाईंनी आयुष्यात कुणाला माफ केलं नव्हतं. पतपेढीने त्यांना त्यासाठीच ठेवलं होतं.

त्यांनी छत्री मिटली आणि चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या.

"महिपती, दारं कुठायत?"

"चोरीला गेली, बाई."

"मी सही केली म्हणून तुला कर्ज मिळालं," बाई शांतपणे म्हणाल्या. "ज्याने ही दारं नेली, त्याने माझ्या सहीला मूर्ख ठरवलं. मला मूर्ख ठरवलेलं चालत नाही. आमच्या यजमानांनी एकदा ठरवलं होतं."

"मग?"

"ते आता स्वयंपाक स्वतः करतात."

तेवढ्यात दारं बनवणारा केरू सुतार आला. आपल्यावर संशय येणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो रागावूनच आला. करवंटीतले स्क्रू त्याने तळहातावर घेऊन बघितले.

"हे माजं काम नाय," तो म्हणाला. "मी काढले असते तर निम्मे झिजले असते. हा कोन हळू हाताचा मानूस हाय. मापात काम करनारा. असा मला मिळाला तर मी त्याला कामावर ठेवीन."

"केरू, तो चोर आहे," मी म्हणालो.

"व्हय. पन हात बघा ना."

बाईंनी करवंटी नाकाशी धरली. आतून तिला फिकट गुलाबी रंगाचा वाळलेला थर होता.

"हा कसला रंग?"

"प्रायमर असंल," केरू म्हणाला. "पन मी दारांना रंग लावलाच नव्हता. कोरी होती."

"आणि संडासाची दारं? ती वेगळ्या लाकडाची आहेत का?"

"नाय ओ. तीच फळी, तेच माप, त्याच दिवशी कापलेली. ह्याने भाव पाडून मागितला म्हनून बाराही एकसारखी केली."

बाई संडासांपाशी गेल्या आणि त्या दोन दारांकडे बराच वेळ बघत राहिल्या. संडासाच्या दाराकडे इतक्या आदराने बघणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग त्या वाकल्या. चौथ्या खोलीच्या कोपऱ्यातून त्यांनी भाताच्या पेंढ्याच्या दोनचार काड्या उचलल्या.

"बायजाबाईची म्हैस!" मी ओरडलो. "बाई, चोर सापडला!"

३

बायजाबाई शेजारीच राहते. तिचाही धंदा भाड्याचाच. पण ती खोली देत नाही, खाट देते, आणि खाटसुद्धा शिफ्टपुरती. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच्याच उबेत आडवा होतो. हैबतरावाची माणसं आजवर तिच्याकडेच होती. माझ्या चाळीमुळे ती जाणार होती.

मी तिच्या अंगणात उभा राहून म्हणालो, "बायजाकाकी, माझी दारं दे."

"तुजी दारं माज्याकडं कशी येतील रं? चालत?"

"पेंढा सापडलाय. तुझ्या म्हशीचा."

"मग म्हशीला विचार."

गिरजाबाईंनी मला मागे सारलं. गोठ्यात जाऊन पेंढ्याची एक काडी ओढली. श्रावणातला पेंढा तो, भिजून काळा पडलेला. बाईंच्या हातातली काडी पिवळीधमक, कोरडी होती.

"हा पेंढा पाऊसभर छपराखाली होता," बाई म्हणाल्या. "म्हशीसाठी इतकी काळजी कुणी घेत नाही."

"आनि मी दारं चोरली असती तर लावली नसती काय?" बायजाबाई म्हणाली. तिने आपल्या खोल्यांकडे हात केला. दारांच्या जागी गोणपाटं लोंबत होती. "दारं नाय म्हनून तर हैबत्या सोडून चाललाय मला. तुजी चोरून मी चुलीत घालीन काय? वरून ओली!"

बाईंनी विचारलं, "रविवारी दुपारी चाळीकडे कोण आलं होतं?"

"कोनी नाय."

"कोणीच नाही?"

"नाय गो बाय. पाऊस केवढा होता. गनपतीचा टेम्पो तेवढा थांबला होता, चाळीच्या आडोशाला. ताडपत्री बांधत असतील. मी लांबूनच हात जोडले. म्हटलं, देवा, ह्या महिपतीच्या खोल्यांत कोन येऊ देऊ नको."

"मग?"

"मग काय," बायजाबाई म्हणाली, "देवानं ऐकलं ना."

४

"रविवारी तू कुठे होतास?" बाईंनी मला विचारलं.

"रोह्याला. मंडळात."

रोह्याला माझा मामा दिनानाथ 'भाडे-भरभराट मंडळ' चालवतो. दर रविवारी एका खानावळीच्या माडीवर सभा भरते. भाड्याच्या धंद्यात कसं उतरावं, कर्ज कसं उभं करावं, जामीनदार कसा गाठावा, ओळखी कशा वाढवाव्यात, हे मामा शिकवतो. सभेनंतर सगळे एकमेकांना कार्डं देतात. माझ्याकडे घरमालकांची पिशवीभर कार्डं आहेत. भाडेकरू मंडळात एकही नाही; त्यांना प्रवेश नाही.

मामाचा पहिला धडा: स्वतःचे पैसे कधी वापरायचे नाहीत. वापरायचे पैसे दुसऱ्या कुणाचे तरी असतात, आणि तो दुसरा कुणीतरी मीच, हे मला दुसऱ्या धड्यात कळलं. चाळीत मामा माझा भागीदार होता. प्लॉट माझा, कर्ज माझं, अनुभव मामाचा.

आम्ही रोह्याला मामाच्या बंगल्यावर गेलो. दारं मोजायची मला आता सवय लागली होती. सागवानी, नक्षीची, पितळी कड्यांची. बरोबर दहा निघाली, संडासाचं धरून. मागच्या अंगणात आणखी दोन मोठी पत्र्याची दारं भिंतीला टेकवलेली होती. त्यांच्या आडोशाला मामाची मोटारसायकल कोरडी उभी होती.

विमलमामीने चहा आणला. पूर्वी तिच्या हातात पाटल्या असत. त्या पहिल्या धड्यात गेल्या.

"महिपती, भावनेत अडकू नकोस," मामा म्हणाला. "दारं गेली ना? जाऊ देत. तो प्लॉट मी घेतो, चाळीसकट. पतपेढीचं मी बघतो. तू मोकळा."

नवी कोरी चाळ मामाला फुकटात मिळणार होती. मी गिरजाबाईंकडे पाहिलं. डोळ्यांनीच म्हणालो: हाच! बाईंनी डोळ्यांनीच सांगितलं: चहा पी.

"दिनानाथराव," बाई गोड आवाजात म्हणाल्या, "नवशिक्यांना शिकण्यासारखं काही सांगा ना. तुमचा अगदी अलीकडचा व्यवहार."

मामा फुलला. "पेणला एक शेड घेतली. मोक्याची जागा. आत भाडेकरू चिकटलेला, बापाच्या वेळेपासून. भाडं वाढवेना, निघेना. लोक अशा वेळी कोर्टात जातात आणि तिथेच म्हातारे होतात. मी आषाढात एका दुपारी माणसं नेली आणि शेडची दारं उतरवली. दुरुस्तीसाठी."

"मग दुरुस्ती झाली?"

"चालू आहे," मामा हसला. "पण शेड आठवड्यात मोकळी झाली. आता एखादी बँक नाहीतर शोरूम आली की झालं."

"शेडमध्ये काय होतं?"

"माती," मामा म्हणाला.

मामीने कप उचलायला हात पुढे केला. "गणपती यंदा कुठनं आणायचा, ते ठरवलंत का?"

"नेहमीच्याच ठिकाणी सांगितलाय. त्यात काय ठरवायचं?"

मामीने कप असा ठेवला की बशी तडकली.

निघताना बाईंनी बंगल्याकडे वर बघत विचारलं, "शेड तुमच्या नावावर? आणि हा बंगला?"

"छे! धडा पाचवा. काहीही स्वतःच्या नावावर ठेवायचं नाही. बंगला हिच्या नावावर. भांडायला आलेल्या माणसाला मालक सापडताच कामा नये."

५

परतीच्या एसटीत मी मामाला द्यायच्या शिक्षा ठरवत होतो. पहिल्या शिक्षेत मोटारसायकलवर बायजाबाईची म्हैस बसवायची होती. कशी, ते अजून ठरलं नव्हतं.

"तुझ्या मामाने ती दारं नेली नाहीत," गिरजाबाई म्हणाल्या.

"पण चाळ तर त्यालाच मिळणार!"

"तो भाषण देत होता, आणि तू समोर बसून लिहून घेत होतास. शिवाय त्याने माणसं पाठवली असती तर पंखेही गेले असते. महिपती, चोराने कडीकोयंडे का ठेवले?"

"कुलपं उघडली नाहीत म्हणून."

"विकायचं असतं तर कडीसकट नेलं असतं, भाव जास्त येतो. नुसता त्रास द्यायचा असता तर कुऱ्हाड घातली असती. स्क्रू काढत कोण बसतं? ह्याला दार सपाट हवं होतं. नुसती फळी. आणि जपून."

"फळी कशाला?"

"काहीतरी ठेवायला. आता सांग, तशाच्या तशा दोन फळ्या समोर असताना तो त्या सोडून गेला. का?"

मी विचार केला. "त्याला संडासला जायचं असेल."

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी माफ केलं नाही, पण पुढे बोलल्या. "असं काय आहे, जे दुसऱ्या कुठल्याही दारावर ठेवता येतं आणि संडासाच्या दारावर ठेवता येत नाही?"

"जेवण?"

"करवंटीत गुलाबी रंग कोण कालवतं? पाऊसभर पेंढा कोरडा कोण ठेवतं, बांधाबांधीसाठी? मापात, हळू हाताने काम कोण करतं? आणि कुणाचा टेम्पो दारात उभा राहिला तर बायजाबाई म्हणते, कोणी नाही आलं?"

एसटी पेणच्या स्टँडात शिरली. समोरच्या भिंतीवर, दुकानांच्या फळ्यांवर, हातगाड्यांवर, जिथे नजर जाईल तिथे तेच बसले होते. सगळे माझ्याकडेच बघत होते.

"अरे देवा," मी म्हणालो.

"तेच," गिरजाबाई म्हणाल्या.

६

पेणमध्ये गणपतीचे कारखाने कमी नाहीत. पण हंगामाच्या ऐन तोंडावर जागा बदललेला एकच होता, आणि पतपेढीत तो सगळ्यांना माहीत होता. गावाबाहेर, बांबूंवर प्लास्टिकचा कागद ताणून केलेली शेड. पुंडलिकचा कारखाना.

आत चिखल होता. चिखलावर विटा रचलेल्या, विटांवर माझी दारं आणि दारांवर ओळीने गणपती. एका कडेला बिजागरीची खाच मला दिसली. मी ती ओळखली. माझं बोट एकदा तिच्यात चेंगरलं होतं.

मी धावत जाऊन दाराची कड पकडली. "चोर! माझं दार आहे हे!"

"उचला ना," मागून कुणीतरी म्हणालं.

मी वर बघितलं. दारावरच्या सगळ्या मूर्ती माझ्याकडे बघत होत्या. डोळे नुकतेच काढलेले होते, अजून ओले होते. हातात ब्रश धरलेली एक बाई शेवटच्या मूर्तीचा डावा डोळा काढता काढता थांबली होती. त्या मूर्तीने तेवढा एकच डोळा माझ्यावर रोखलेला.

मी दार सोडलं.

"तुमचीच दारं हायत, आमी कुठं नाय म्हनतो?" तो माणूस पुढे आला. पन्नाशीचा, बोटांना सोनेरी रंग. हाच पुंडलिक. "न्या. फकस्त आधी यांना इचारा, कुठं बसू म्हनून."

"तुला तुरुंगात घालीन!"

"घाला. तुमी कोन?"

"मी महिपती. गडबचा."

पुंडलिकने मला वरून खाली बघितलं. मग ब्रशवाल्या बाईला म्हणाला, "मैना, हा बघ. हा महिपती." आणि पुन्हा मला, जरा निराश होऊन: "मला वाटलं मिशा असतील."

"मिशा कशाला?"

"दिनानाथराव बोललेले. म्हनले, मी नुसता मधला मानूस. शेडचा खरा मालक गडबचा महिपती. लय कडक. हातापाया पडलास तरी ऐकनार नाय. दारं त्यानंच काढायला लावली."

प्लास्टिकवर पाऊस वाजत होता.

"काय होतं शेडमध्ये?" गिरजाबाईंनी विचारलं. रोह्याला विचारला होता तोच प्रश्न.

"शाडूच्या मूर्ती," पुंडलिक म्हणाला. "कच्च्या. वाळत ठेवलेल्या. घराघराची नावं लागलेली. दारं गेली नि झड सरळ आत. ही ताडपत्री धरून दारात उभी रायली, दोनी हात वर करून, अंधार पडंपर्यंत. वाऱ्यानं ताडपत्री फाटली. आधी सोंडा गळाल्या. मग हात. सकाळी नुसते पाट होते, नि पाटांवर मातीचा गारा."

मैना ब्रश पाण्यात बुडवत म्हणाली, "लोकांची पाटांवरची नावं तेवढी रायली."

"मूर्ती मांडायच्या फळ्याबी त्यानंच अडकवून ठेवल्या, भाड्यापोटी," पुंडलिक म्हणाला. "मग मी पुन्यांदा माती मळली. बसवायला फळी नाय. म्हटलं, ज्यानं माजं दार काढलं, त्याच्या एका बी खोलीला दार ठेवनार नाय. संडासाची तेवढी सोडली. देवाला कुठं बसवायचं, ते कळतं आमाला."

शपथ जवळजवळ माझीच होती. रविवारपासून मी ज्या माणसाला शिव्या देत होतो तो हा, आणि महिनाभर हा ज्या माणसाला देत होता तो मी. आमच्या दोघांमध्ये एक मामा होता, आणि त्याला कुणीच काही म्हणत नव्हतं.

"पुंडलिककाका," मी म्हणालो, "दारं चतुर्थीपर्यंत राहू देत."

"आणि सोमवारी हैबतराव येतोय त्याचं काय?" बाईंनी विचारलं. "दहा दारं कुठून आणणार आहेस?"

"मामाकडे दहा आहेत," मी म्हणालो.

बाईंनी छत्री उघडली, पुन्हा मिटली. "मी हे ऐकलेलं नाही. संडासाचं धरून?"

"धरून."

७

रविवारी मामा खानावळीच्या माडीवर 'लबाड भाडेकरू कसा ओळखावा' या विषयावर बोलत होता. त्याच वेळी पुंडलिकचा टेम्पो त्याच्या बंगल्यासमोर उभा राहिला. टेम्पोत पुढे एक गणपती ठेवला होता. शेजाऱ्यांनी नमस्कार केले आणि आत निघून गेले.

विमलमामीने दार उघडलं. आम्ही तिघं: मी, पुंडलिक आणि हत्यारांची पिशवी घेतलेला केरू.

"मामी, दारं न्यायला आलोय."

"कशाला?"

"दुरुस्तीसाठी."

मामीने पुंडलिककडे बघितलं. तिच्या आजेसासऱ्यांपासून त्या घरातला गणपती त्याच्याच घराण्यातून येत होता. आषाढात काय झालं हे तिला कळलं होतं की नाही, माहीत नाही. तिने पदर खोचला.

"देवघराचंही न्या," ती म्हणाली. "किरकिरतं."

केरू काढायचा आणि पुंडलिक त्याच्या हाताला हात लावून सांगायचा, "हळू. असं." केरू शिकत होता. मी फक्त स्क्रू करवंटीत टाकत होतो. संडासाचं दार आम्ही सोडलं नाही. त्यावर गणपती बसणार नव्हते, त्याच्या आड कंत्राटी कामगार राहणार होते.

सोमवारी सकाळपर्यंत गडबला दहाही दारं चढली. मापं जुळली नाहीत, पण केरूने जुळवली. नक्षीचं मुख्य दार एक नंबरला. देवघराचं दार आठ नंबरला; ते बुटकं होतं, वर फळी मारावी लागली. आत जाणारा वाकूनच जातो, त्यामुळे प्रत्येक पाळीला नमस्कार होतो.

हैबतराव आला. एक नंबरच्या दारावरच्या मोरांवरून त्याने हात फिरवला.

"ही काय लग्नाची चाळ हाय काय?"

"झोपेची आहे," मी म्हणालो.

त्याने एका खोलीत शिरून दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर आला नाही. आम्ही कान लावला तर घोरत होता. उठल्यावर त्याने आगाऊ दिलं. गिरजाबाईंनी कर्जाचा शेवटचा तुकडा सोडायला सही केली आणि शेरा मारला: दारे उत्तम.

दुपारी मामा आला. रिक्षातून उतरताच ओरडला, "माझी दारं!"

"दुरुस्तीला आणलीत, मामा."

"कधी होणार दुरुस्ती?"

"चालू आहे."

"पोलिसात जाईन!"

"जा ना. पण बंगला मामीच्या नावावर आहे, आणि दारं तिनेच दिली. मालकच सापडत नाही म्हणतात, तसं झालंय. धडा पाचवा."

मागे बायजाबाई गोणपाट बाजूला करून बघत होती. "दिनानाथराव," ती म्हणाली, "अंगोळ कशी करताय मग?"

८

चतुर्थीच्या सकाळी पुंडलिकच्या शेडमधून गणपती जात होते. एकेक घर येई, पाटावर घेई, डोक्यावर रुमाल टाकून निघे. दार रिकामं झालं की मी आणि केरू ते उचलून टेम्पोत टाकत होतो.

शेवटी एकच दार उरलं. त्याच्यावर एकच मूर्ती.

मामा घाईघाईने आला, कपाळाला गंध, हातात पाट. मागे रिक्षात मामी. घरी भटजी बसले होते, दारं नसलेल्या बंगल्यात, आणि रस्त्यावरची कुत्री नैवेद्याकडे येत-जात होती.

"किती झाले?" मामाने खिशात हात घातला.

"नकोत," पुंडलिक म्हणाला. "तुमचा पन गेला होता त्या दिवशी. सगळ्यांसंगं. तुमच्या आज्याचं नाव लिवलेल्या पाटावर नुसता गारा होता. मी पुन्यांदा घडवला. ह्या देवाचं नि तुमचं भांडन नाय." त्याने मूर्तीवरचा कागद सारखा केला. "पन हा इथून हालनार नाय. आधी शेडची दारं लावायची. तुमी. तुमच्या हातानं. नि भाडं पयल्यासारखं, माज्या पोरांपर्यंत. गिरजाबाईंसमोर सांगा."

गिरजाबाई एका विटेवर बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकायला तयार असल्याची.

मामाने मामीकडे बघितलं.

"मुहूर्त टळतोय," मामी रिक्षातूनच म्हणाली.

पत्र्याची ती दोन दारं आम्ही पहाटेच रोह्याच्या अंगणातून आणून पेणच्या शेडसमोर टेकवून ठेवली होती. रोह्याला मोटारसायकल आता उघड्यावर होती. मामाने बाईंसमोर भाडं कबूल केलं, आम्ही सगळे तिकडे गेलो आणि त्याने धोतर वर खोचलं. शिडी धरली. एक दार आम्ही उचलून दिलं. ते जड होतं. दोन्ही हात वर करून त्याला ते खांद्याने तोलून धरावं लागत होतं. मैना समोर उभी राहून बघत होती.

पाऊस सुरू झाला.

"स्क्रू!" मामा वरून ओरडला.

मी शिडीखाली करवंटी घेऊन उभा होतो. एक स्क्रू उचलून वर दिला. तो बसला की दुसरा. मामाच्या मानेवरून पाणी उतरत होतं.

"लवकर दे ना रे!"

"हळू, मामा," मी म्हणालो आणि पुढचा स्क्रू शोधू लागलो.